करून राहिली

पूर्वजा,
तुझ्या पलंगावर आता मार्या झोपते,
भिंतीकडे तोंड करून,
रजई तुझ्यासारखीच पायाने ढकलून.
आज सोनेगावच्या वेधशाळेनं साडेआठ सांगितलं.
कॉलनीच्या चौकीदारानं माकडटोपीवर मफलर बांधला
आणि ही अर्ध्या बाह्यांत गच्चीवर,
उन्हाला पाठ देऊन,
जुनी उधारी वसूल करावी तशी.

सुट्ट्या लागल्या. तिला कुठे न्यावं, कळेना.
मला तर अधिवेशनाची ड्यूटी,
रवी भवनातले गीझर,
आमदार निवासातल्या गळक्या तोट्या.
रात्री अकराला येतो तर ही वही घेऊन जागी:
काका, 'करत आहे' की 'करून राहिली'?
तिचं पुस्तक पुण्याचं.
त्यात सगळे जात आहेत, खात आहेत, नीट रांगेत.
इथे दूधवाला येऊन राहिला,
आई कणीक मळून राहिली,
समोरचे ठवकर तर नुसतेच बसून राहिले.
राहणे म्हणजे मुक्काम ना?
मग तुम्ही प्रत्येक कामात मुक्काम करता?
मी म्हटलं, हो ना बापा,
घाई कोणाला आहे.

रविवारी संत्री आणली.
तिनं सालीला नख लावलं आणि थांबली.
मला वाटलं, डोळ्यात उडालं.
तुझी आई पाणी आणायला उठली,
पण ते नव्हतं.
त्यांच्याकडे हे फळ येतं वर्षातून एकदा,
दूरच्या देशातून, पेटीत बसून,
आणि त्या वासालाच नाताळ म्हणतात.
आपल्याकडे शंकर नगरच्या चौकात
हातगाडीवर नाताळाचा ढीग,
आणि गाडीवाला म्हणतो, घ्या ना ताई, खाऊन तर पाहा.
तिनं दोन डझन घेतली दुसऱ्या दिवशी.
भाव केला नाही.
तो बिचाराच अस्वस्थ झाला.

चोवीसला तिला ॲक्टिव्हावर सदरला नेलं.
सिग्नलवर लाल टोप्या विकणारी पोरं,
चर्चच्या फाटकात फुगे, कणसं, फोटोंसाठी रेटारेटी.
दहा मिनिटांत बाहेर आली.
दिवे खूप आहेत, म्हणाली,
अंधार कुठे आहे?

परत येताना माझ्या पाठीमागून सांगत होती,
अर्धं वाऱ्यात गेलं.
त्यांच्या गावी दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो,
मग सगळं घर मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जातं,
बर्फात एकेकाजवळ एकेक लावतं.
काका, तुमचे कुठे आहेत?

मी गाडी हळू केली.
तुझ्या आजोबांना मी कन्हानमध्ये सोडलं होतं,
गुडघाभर पाण्यात उभा राहून.
मडकं हलकं होतं, हे आठवतं.
दगड नाही, नाव नाही, जागा नाही.
तिला एवढंच म्हटलं, नदीत.
कोणत्या?
कन्हान. आपल्या नळाला येते ना, तीच.

हे मी सहज बोललो, पूर्वजा.
पाण्याचं बिल भरणाऱ्या माणसासारखा.

घरी आल्यावर ती सरळ वर गेली.
गच्चीवरच्या काळ्या टाकीपाशी
स्टीलच्या वाटीत मेणबत्ती लावली,
वारा होता म्हणून
तुझी जुनी पाटी आडवी धरून बसली.
शेजारच्या गच्चीवरून ढोकेकाकू:
काय करून राहिली वो ही पोरगी?
मला उत्तर सुचेना.
तिलाच सुचलं.
बसून राहिली, काकू, म्हणाली,
आणि काकूंना ते अगदीच पटलं.

मग तुझा फोन आला.
तू तिच्या आईच्या स्वयंपाकघरात,
मागे खिडकीत मिट्ट काळं.
बाबा, इथल्या संत्र्यांना बियाच नाहीत, म्हणालीस,
आणि हसलीस, जरा जास्तच वेळ.
मार्या कशी आहे, आईची सर्दी, गाडीचा इन्शुरन्स,
सगळं विचारलंस.
आणि तुम्ही काय करून राहिले?

काही नाही गं.
खाली मोटर सुरू आहे.
टाकी भरून राहिली.